शरणपूर ते नाशिकरोड: ख्रिस्ती उपासनेच्या तीन वाटा

गुड फ्रायडेला दुपारी बारा वाजता आमच्याकडची माणसं चर्चमध्ये जाऊन बसतात ती तीन वाजेपर्यंत उठत नाहीत. बाहेर शरणपूर रोडवर उन्हाचा कडाका, आत पंख्यांची घरघर आणि पांढऱ्या साड्या. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार एकामागून एक घेतले जातात. प्रत्येक उद्गारावर वेगळं मनन, मध्ये पेटीच्या सुरावर एक गीत, मग प्रार्थना. पाचव्या उद्गाराला, म्हणजे तहान लागल्याच्या उद्गाराला, लहान मुलं हमखास पाणी मागतात. त्या वेळी त्यांना गप्प करणारी आई मी प्रत्येक वर्षी पाहिली आहे.

त्याच दुपारी नाशिकरोडच्या कॅथलिक देवळात वेगळंच चित्र असतं. वेदीवरचं कापड काढलेलं, घंटा मुकी. एरवी रोज होणारी मिस्सा त्या दिवशी होत नाही. लोक चौदा स्थानांवर थांबत क्रुसाची वाट चालतात. पुढे फादर लाल वस्त्रात येतात, शास्त्रपाठ होतात आणि मग रांगेने एकेकजण क्रुसापाशी जाऊन त्याचं चुंबन घेतो. ख्रिस्तशरीर दिलं जातं, पण ते आदल्या दिवशीच्या, गुरुवारच्या मिस्सेत पवित्र केलेलं.

आणि सातपूर-सिडको बाजूच्या एखाद्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या खुर्च्यांत, की-बोर्ड आणि ड्रमच्या साथीने तिसरी, पेंटेकोस्टल सभा चाललेली असते. तिथे क्रूस भिंतीवर असेलच असं नाही. उपास धरलेला असतो, पण सूर शोकाचा नसतो. टाळ्या वाजतात, हात वर जातात, पन्नास माणसं एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात आणि त्यात मधूनच न कळणारे शब्द ऐकू येतात, ज्यांना ते अन्य भाषा म्हणतात.

शेजारीपाजारी विचारतात, ‘तुमच्यातले हे तिघं, यांच्यात नेमका फरक काय?’ प्रश्न प्रामाणिक असतो, पण उत्तर बहुधा टाळाटाळीचं मिळतं. कुणी म्हणतं, सगळे सारखेच, देव एकच. कुणी म्हणतं, ते मूर्तिपूजक, आम्ही नाही. कुणी म्हणतं, आमच्यात आत्मा आहे, त्यांच्यात नुसते विधी. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. मी शरणपूरच्या, अँग्लिकन वळणाच्या बाजूने वाढलो, म्हणजे माझा डोळा एका बाजूचा आहे. तरी जितकं नीट पाहता येईल तितकं पाहून लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही, की देवाविषयी या तिघांत मुळात भांडण नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एक देव, येशूचं मरण आणि पुनरुत्थान, पापांची क्षमा, शेवटचा न्याय: इ.स. ३२५ आणि ३८१ च्या धर्मसभांत बांधलेला विश्वासांगीकार कॅथलिक मिस्सेत म्हटला जातो, आमच्या उपासनेत म्हटला जातो. पेंटेकोस्टल सभेत तो सहसा म्हणत नाहीत, पण त्यांच्यातल्या बहुतेकांना त्यातलं एकही वाक्य नाकारायचं नसतं. त्रैक्य नाकारून फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारा एक गट त्यांच्यात आहे, तो वेगळा काढावा लागतो. मग फरक कुठे? माझ्या मते तो एकाच प्रश्नात आहे: हा देव आज, इथे, माझ्याजवळ आहे हे मला कशावरून कळतं? कॅथलिक माणूस वेदीकडे बोट दाखवतो. अँग्लिकन वळणाचा माणूस पुस्तक उघडतो, वाचलेलं आणि मंडळीने एकत्र म्हटलेलं वचन हे त्याचं उत्तर. पेंटेकोस्टल माणूस स्वतःच्या छातीवर हात ठेवतो. बाकीचे वाद, म्हणजे पोप, मरिया, शुद्धिस्थान, अन्य भाषा, दशमांश, हे याच मुळातून फुटलेले फाटे आहेत.

नाशिकमध्ये आज ‘अँग्लिकन चर्च’ अशी पाटी कुठेही सापडणार नाही. पाटीवर असतं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, बोलण्यात सीएनआय. पण पाया अँग्लिकन आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ ख्रिस्ती वसाहत वसवली, तिचं नाव शरणपूर. शाळा, सुतारकाम, लोहारकाम, छपाई असं सगळं तिथे शिकवत. या वसाहतीतली एक गोष्ट नाशिककरांनाही फारशी ठाऊक नसते. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईहून इथे आणली जात. ती शरणपूरला शिकली, इथेच ख्रिस्ती झाली, मराठी बोलली. पुढे १८७५ च्या सुमाराला प्राइस यांनीच मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसवलं, तेव्हा नाशिकची ही माणसं तिकडे गेली.

त्यांच्यातला जेकब वेनराइट मला अँग्लिकन उपासना समजावून सांगायला सगळ्यात जवळचा वाटतो. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले. बरोबर एकही गोरा माणूस नव्हता, एकही धर्मगुरू नव्हता. नोकरांनी त्यांचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं, देह वाळवून किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. काळीज पुरताना दफनविधीची उपासना वाचली ती नाशिकच्या शाळेत शिकलेल्या या वेनराइटने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टन यांची शवपेटी नेताना मानकऱ्यांत तो होता.

आता हाच प्रसंग कॅथलिक डोळ्यांनी पाहा: मिस्सा नाही, अंत्यसंस्कार नाही, कारण गुरू नाही. पेंटेकोस्टल डोळ्यांनी पाहा: कुणीतरी उभं राहून मनातून प्रार्थना केली असती, छापील कशाला हवी? वेनराइटजवळ मात्र इंग्लंडच्या चर्चने घडवलेला एक संस्कार होता. १५४९ साली पहिल्यांदा निघालेलं आणि १६६२ मध्ये कायम झालेलं सामान्य प्रार्थनेचं पुस्तक. जन्मापासून मातीपर्यंतच्या सगळ्या उपासना लोकांच्या भाषेत, एका जिल्दीत, आणि लोकांच्या हातात. पाळक असो वा नसो, राजा मरो वा नोकर, शब्द तेच. छापील प्रार्थनेला जे कोरडी म्हणतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. माणसाचा गळा दाटून येतो, स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा आधीच्या पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेले शब्द उभं राहायला आधार देतात. आमच्या घरी वडील गेले तेव्हा मी ते अनुभवलं.

सिद्धांताच्या बाजूने अँग्लिकन घर मधल्या उंबऱ्यावर बसलेलं आहे. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने पोपचा अधिकार झुगारला तो राजकारणासाठी, लग्नासाठी. पण पुढच्या पिढीने धर्मसुधारणेचा विचार खरोखर अंगीकारला. १५७१ च्या एकोणचाळीस कलमांत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच ख्रिस्ताने नेमलेले संस्कार मानले, तारणाला लागेल ते सगळं पवित्र शास्त्रात आहे असं म्हटलं, भाकरीचं सत्त्वच बदलून ती ख्रिस्तशरीर होते हा सिद्धांत नाकारला. त्याच वेळी बिशप ठेवले, वेदी ठेवली, पंचांग ठेवलं, दृढीकरण ठेवलं. म्हणून कॅथलिकाला आमची उपासना ओळखीची वाटते आणि पेंटेकोस्टलाला ती कॅथलिक वाटते. रोमने मात्र ही ओळख मान्य केली नाही. १८९६ मध्ये तेराव्या लिओ पोपनी अँग्लिकन गुरुदीक्षा संपूर्ण निरर्थक ठरवली आणि तो निर्णय अजून मागे घेतलेला नाही. गेल्या अर्धशतकात दोन्हीकडच्या विद्वानांनी एकत्र बसून पुष्कळ गाठी सोडवल्या, ही सुटलेली नाही.

नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांत १९२९ मध्ये मुंबईपासून वेगळा झाला. फिलिप लॉइड हे त्याचे पहिले बिशप, १९४४ पर्यंत. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून झालेली युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांपैकी एक शाखा. सेवकांनी परस्परांच्या मस्तकांवर हात ठेवले. तुझी दीक्षा खरी की माझी हा चारशे वर्षांचा वाद त्या एका कृतीने बाजूला ठेवला गेला. जगभर मंडळ्या फुटण्याच्या कथा लिहिल्या जातात. जोडल्या गेल्याची ही कथा आपल्या नागपुरात घडली, आणि ती आपल्याच मुलांना शिकवली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या जोडणीमुळे नाशिकची सीएनआय उपासना नुसती अँग्लिकन राहिली नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर बाजूने अमेरिकन मराठी मिशनचा वारसा आत आला. तिथे प्रार्थनापुस्तकापेक्षा प्रवचन मोठं, बिशपपेक्षा मंडळी मोठी. आणि त्या वारशाबरोबर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं ते सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कुणालाही या घराचं नाशिकशी असलेलं नातं सांगायला नको. टिळकांनी अभंग, पदं, भजनं लिहिली, ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात गेली. आजही मंडळीत विलायती चालीचं गीत चालू असतं तेव्हा अर्धी माणसं ओठ हलवतात, आणि टिळकांचं भजन सुरू झालं की मागच्या बाकावरची म्हातारी माणसं पुस्तक मिटून गातात. मराठी प्रोटेस्टंटांचा धर्मसिद्धांत कलमांत कमी आणि या गीतांत जास्त आहे असं माझं मत आहे. माणसं प्रवचन विसरतात, पण मरणाच्या खाटेवर भजन म्हणतात.

कॅथलिक घराकडे वळायचं तर आधी भाषा बदलावी लागते. आम्ही ज्याला बाप्तिस्मा म्हणतो त्याला ते स्नानसंस्कार म्हणतात. आमचं प्रभुभोजन, त्यांची पवित्र मिस्सा. आमचे पाळक, त्यांचे फादर. एका शब्दावरून माणूस कुठला ते कळतं. शब्दांमागे सिद्धांत आहे. ‘भोजन’ म्हटलं की मेज आलं, आठवण आली. ‘मिस्साबलिदान’ म्हटलं की वेदी आली आणि कालवरीवरचं एकमेव बलिदान इथे, आत्ता समोर ठेवलं जातं ही श्रद्धा आली. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने आणि पुढे सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मसभेने ती पक्की केली: भाकरीचं रूप, चव, वास तसाच राहतो, पण सत्त्व ख्रिस्ताचं होतं. म्हणूनच वेदीजवळच्या लहान कुलूपबंद कपाटापुढे दिवा अखंड जळत असतो आणि रिकाम्या देवळात शिरणारी बाईही तिथे गुडघा टेकवते. आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की ती इमारत होते. त्यांच्या देवळात मिस्सा संपल्यावरही कुणीतरी असतं. हा फरक मला लहानपणी कळला नव्हता. एका कॅथलिक मित्राबरोबर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी रिकाम्या देवळात दहा मिनिटं बसलो, तेव्हा कळला.

द्राक्षांच्या या जिल्ह्यात एक बारीक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कॅथलिक नियमाने मिस्सेसाठी फक्त गव्हाची, खमीर नसलेली भाकर चालते आणि द्राक्षाचा खराखुरा आंबलेला रस लागतो. प्रोटेस्टंटांत पुष्कळ ठिकाणी न आंबलेला रस वापरतात. पेंटेकोस्टल सभेत ब्रेडचे तुकडे असतात, कुठे घरची पोळीही चालते, कारण तिथे ती खूण आहे, आठवण आहे. काय चालतं आणि काय चालत नाही यावरून त्या पदार्थात काय घडतं असं मानलं जातं ते ओळखता येतं. कॅथलिकांच्या ख्रिस्तशरीराला आम्हाला बोलावणं नसतं. आमच्या मेजावर इतर मंडळ्यांच्या सभासदांना सहसा मोकळीक असते. कॅथलिकांचा हा नकार पुष्कळांना तुसडेपणाचा वाटतो. तो तसा नाही. जे एकत्र मानत नाही ते एकत्र घेतलं असं दाखवू नये, एवढाच त्यामागचा विचार आहे, आणि मला तो आदराचा वाटतो.

संस्कार त्यांच्याकडे सात. आमच्या दोनांत ते दृढीकरण, प्रायश्चित्त, रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह धरतात. बायबलात त्यांची पुस्तकं त्र्याहत्तर, आमची सहासष्ट. १८७० मध्ये पोपच्या अचूकतेचा आणि १८५४ व १९५० मध्ये मरियेविषयीचे दोन सिद्धांत त्यांनी श्रद्धेचा भाग म्हणून जाहीर केले. प्रोटेस्टंटांना ते शास्त्राधार नसलेले वाटतात. पण मरियेविषयीच्या भक्तीला नुसत्या कलमांनी मोजू नये. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, हा नाशिक धर्मप्रांतातला भाग. ‘माउली’ हा शब्द पाहा. ज्या मुलखात ज्ञानेश्वर माउली, विठ्ठल माउली, तिथे मरिया ‘मदर’ राहिली नाही, माउली झाली. नाशिकरोडला येशूसंघीयांकडे असलेल्या बाळ येशूच्या देवळात फेब्रुवारीत यात्रा असते. मुंबई-वसई-गोव्याकडून लोक येतात, आणि रांगेत कपाळावर कुंकू असलेल्या बायकाही मेणबत्त्या घेऊन उभ्या असतात. प्रोटेस्टंट माणूस इथे संकोचतो. मूर्तीपुढे मेणबत्ती का? कॅथलिक धर्मशिक्षण स्वच्छ सांगतं की आराधना एकट्या देवाची, संतांचा फक्त मान. पण तो भेद नवस फेडायला आलेल्या प्रत्येकाच्या मनात स्वच्छ असतो असं म्हणता येणार नाही, हे कॅथलिक धर्मगुरूही मान्य करतील.

नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत १५ मे १९८७ ला पुण्यापासून वेगळा काढला गेला, येशूसंघीय थॉमस भालेराव पहिले बिशप. म्हणजे तो वयाने आमच्यापेक्षा तरुण. त्याची मराठी मुळं मात्र खोल आहेत. १६१६ चं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्याकडचं, ओवीबद्ध. मग साडेतीनशे वर्षं मिस्सा लॅटिनमध्येच. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने लोकभाषेला दार उघडलं आणि १९६९ मध्ये भारतासाठी आरती, पंचांग प्रणाम, जमिनीवर बसणं अशा गोष्टींना परवानगी मिळाली. पुढे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रार्थनापुस्तकाने इंग्लंडमध्ये १५४९ ला जे केलं ते रोमने चार शतकांनी केलं. उशीर झाला खरा, पण मराठीत आल्यावर कॅथलिकांनी आरती घेतली, निरांजन घेतलं. आम्ही टिळकांच्या भजनांपाशी थांबलो.

पेंटेकोस्टल म्हटलं की लोकांना वाटतं हे अमेरिकेतलं किंवा केरळमधलं खूळ, परवापरवा आलेलं. हा समज पुसायला हवा. ज्या सभांना या चळवळीचा उगम मानतात त्या, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या विल्यम सीमूर यांच्या सभा, सुरू झाल्या एप्रिल १९०६ मध्ये. त्याच्या आधी, जून १९०५ च्या अखेरीस, दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये ती आग पेटली होती. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रमाबाईंनी प्रार्थनेचे गट जमवले होते, शेकडो मुली आणि बाया रोज जमत. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपण आगीने वेढले गेलो असं वाटलं. खोलीतली दुसरी मुलगी आग विझवायला पाण्याची बादली आणायला धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की जळत काहीच नाही. त्यानंतर रडणं, पापं कबूल करणं, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणं आणि पुढे अन्य भाषांत बोलणं सुरू झालं. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी १९०६ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. ते त्यांनी चिलीतल्या मैत्रिणीला पाठवलं, आणि १९०९ मध्ये चिलीत जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी हे पुस्तक होतं. दुष्काळात उचलून आणलेल्या पोरींच्या प्रार्थनेचे पडसाद दक्षिण अमेरिकेत उमटले.

आणि रमाबाई कोण? २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. पंथांच्या गर्दीने त्या त्रासल्या होत्या, कुणाच्या हुकमाखाली श्रद्धा ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणजे मराठी मुलखात पेंटेकोस्टल वाटेचा उगम एका अँग्लिकन बाईच्या अंगणात आहे. मुक्तीत अन्य भाषा बोलल्या गेल्या तेव्हा रमाबाईंनी त्या देवाचं दान म्हणून स्वीकारल्या, पण आत्मा मिळाल्याची ती एकमेव आणि सक्तीची खूण मानली नाही. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या पेंटेकोस्टल मंडळ्यांनी नेमकं तेच मानलं: अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची पहिली खूण. माझ्या मते इथे रमाबाईंचं बरोबर होतं.

आजच्या पेंटेकोस्टल सभेचा क्रम लिहिलेला नसतो, पण तो असतो. तासभर स्तुती-आराधना, मग साक्षी, मग लांब संदेश, शेवटी आजाऱ्यांसाठी हात ठेवून प्रार्थना. साक्ष हा या सभेचा खरा गाभा आहे. धुणीभांडी करणारी बाई उभी राहते आणि नवऱ्याची दारू कशी सुटली ते सांगते. आमच्या चर्चमध्ये त्या बाईला तीस वर्षांत एकदाही बोलायला कुणी उभं केलं नसतं. सुरगाणा-पेठ-कळवणच्या पाड्यांवर, जिथे पाळक महिन्यातून एकदा पोचायचा, तिथे घराच्या ओसरीवर जमणाऱ्या मंडळ्या वाढल्या त्या याच बळावर. इमारत नको, वेदी नको, पदवी नको. दैवी पाचारण झालं की माणूस सेवक. कॅथलिक गुरू होण्यासाठी अनेक वर्षं सेमिनरीत आणि आयुष्यभर ब्रह्मचर्य लागतं. आमचे पाळक संसारी असतात, शिकलेले असतात, आणि आता स्त्रियाही पाळक होतात. पेंटेकोस्टल पास्टर काल कंपनीत फिटर असतो आणि आज संदेश देतो. यात बळ आहे तसा धोकाही आहे, कारण त्याला विचारणारा वर कुणी नसतो. एका पास्टरच्या सांगण्यावरून आमच्या नात्यातल्या एका बाईंनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या. पुढे त्यांचा पाय वाचला नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. औषध बंद करायला सांगणाऱ्यावर नाही. तिन्ही घरांतल्या कुणीही असं सांगितलं तर ते पाप आहे असं मी स्पष्ट म्हणतो.

भिंती आता पूर्वीइतक्या जाड नाहीत. १९६७ पासून कॅथलिकांत करिस्मॅटिक नवजीवनाची चळवळ आहे. तिथेही हात वर जातात, अन्य भाषा येतात, आणि नंतर तेच लोक मिस्सेला गुडघे टेकतात. आमची तरुण मुलं सकाळी सीएनआयच्या उपासनेला आणि संध्याकाळी एखाद्या फेलोशिपला जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार होते, लोकसंख्येच्या एक टक्क्यालाही किंचित कमी. एवढ्याशा समाजात लग्नं या घरातून त्या घरात होणारच.

आणि तिथेच खरी जखम आहे. कॅथलिक आणि अँग्लिकन दोघंही तान्ह्या बाळाला पाणी लावतात. देवाची कृपा मूल समजण्याची वाट पाहत नाही, असं त्यामागचं म्हणणं. पेंटेकोस्टल म्हणतात, आधी विश्वास, मग पाणी, आणि तेही पूर्ण बुडवून. दोन्ही बाजूंना शास्त्रवचनं आहेत, दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. सीएनआयमध्ये १९७० ला बाप्टिस्ट आणि ब्रदरेन आत आले, म्हणून तिच्या घटनेत दोन्ही रीती शेजारी ठेवल्या आहेत: आईबापांनी ठरवावं, बाळपणी की जाणतेपणी. हा समजूतदारपणा मला या मंडळीचं सगळ्यात मोठं धन वाटतं. पण एकदा झालेल्या बाप्तिस्म्याच्या जागी दुसरा द्यावा का, याला तिचंही उत्तर ‘नाही’ असंच आहे. चौथ्या शतकापासून, ३१४ च्या आर्लच्या धर्मसभेपासून, चर्चने हेच धरलं आहे. विश्वासांगीकारातही बाप्तिस्मा एकच म्हटला आहे. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला आमचा बाप्तिस्मा रोमलाही मान्य होतो. जो पोप आमच्या पाळकाची दीक्षा मानत नाही, तो त्याच पाळकाने दिलेला बाप्तिस्मा मानतो.

पण मुलगी फेलोशिपमधल्या मुलाशी लग्न ठरवते आणि पहिली अट येते: आधी बाप्तिस्मा घे. तिची आई म्हणते, मग वीस वर्षांपूर्वी मी हातावर धरून जे नेलं ते काय होतं? टाकीतल्या पाण्यात ती मुलगी बुडते तेव्हा तिच्या आईला आपलं अख्खं आयुष्य खोटं ठरवल्यासारखं वाटतं. उलट बाजूनेही दुःख आहे. ज्याला चाळिशीत खरोखर नवा जन्म मिळाला, त्याला बाळपणीच्या दाखल्यावर समाधान मान असं सांगणं त्याच्या अनुभवाचा अपमान वाटतो. त्याच्यासाठी दृढीकरण आहे, बाप्तिस्म्याच्या वचनांची पुनरुक्ती आहे, साक्ष आहे. त्याचा आनंद पाण्याशिवायही मंडळीपुढे उभा करता येतो. आमच्या चर्चनी त्याला तो मान दिला नाही, म्हणून तो टाकीकडे गेला, हेही कबूल करायला हवं.

२९ एप्रिल २००७ ला जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि प्रोटेस्टंट मिळून अकरा चर्चनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करणाऱ्या कागदावर सह्या केल्या. बाळपणीचा बाप्तिस्मा न मानणारे त्यात नव्हते. नाशिकमध्ये फादर, पाळकसाहेब आणि पास्टर नाताळात एका मंचावर केक कापतात. त्यांना माझी विनंती आहे: तसंच एकदा एका टेबलाशी बसा, पाण्याविषयी कोण काय मानतं ते एका पानावर मराठीत लिहा, आणि लग्न ठरवायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या हातात ते पान आधीच द्या.